केस, कोळी आणि वाघ : दुर्बिणीतल्या रेषेची गोष्ट

माझ्या प्रबंधाचा विषय 'मोजणी आणि शिकार' असा आहे. राजुऱ्यात कुणाला हे सांगितलं की दोनपैकी एक प्रश्न हमखास येतो. एअर रायफलचा नाद लागलेली, यूट्यूबवर रायफलींचे व्हिडिओ बघणारी पोरं विचारतात, "लांबच्या नेमासाठी कोणतं रेटिकल घ्यावं?" आणि ज्यांची शेतं जंगलाला लागून आहेत ती मोठी माणसं विचारतात, "तो वाघ लांबूनच का नाही टिपला? एवढ्या भारी दुर्बिणी असतात ना आता?"

मला हे दोन्ही एकच प्रश्न वाटतात. दोन्हींत असं धरलेलं असतं की दुर्बिणीतली रेषा पुरेशी चांगली असली की अंतराचं भागतं. या रेषेचा इतिहास पाहिला तर असं दिसतं की अंतर कसं कळणार हे आधी ठरतं आणि रेषेचा आकार त्यावरून ठरतो. आजची पोस्ट त्याबद्दल. थोडी लांब आहे, मध्ये थोडं गणितही आहे, पण सातवीच्या वरचं काही नाही.

आधी शब्द. रायफलच्या दुर्बिणीतून पाहिल्यावर चित्रावर जी फुली, टिंब, खुंटी किंवा खुणांची पट्टी दिसते तिला रेटिकल म्हणतात. साध्या बंदुकीला हे नसतं. तिथे नळीच्या टोकाला 'माशी' असते आणि डोळ्याजवळ एक खाच. खाच, माशी आणि लक्ष्य ही तिन्ही एका ओळीत आणायची. अडचण अशी की डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहतो. माशी स्पष्ट दिसली तर लक्ष्य पुसट होतं, आणि लक्ष्यावर डोळा लावला तर माशी विरघळते. चाळिशीनंतर तर काही बोलायलाच नको. दुर्बिणीतली रेषा ही अडचण सोडवते, कारण ती लक्ष्याच्याच प्रतलात दिसते. ती तशी का दिसते, यामागे एक कोळी आहे.

१६४० च्या आसपास इंग्लंडमध्ये विल्यम गॅस्कॉइन नावाचा एक हौशी खगोलनिरीक्षक होता. त्याच्या दुर्बिणीच्या नळीत एका कोळ्याने धागा विणला आणि तो धागा त्याला ताऱ्यांच्या चित्रावर अगदी रेखीव दिसला. गॅलिलिओच्या धाटणीच्या दुर्बिणीत हे कधीच झालं नसतं, कारण तिच्यात नळीच्या आत खरी प्रतिमा तयारच होत नाही. गॅस्कॉइनची दुर्बीण केप्लरच्या धाटणीची होती, दोन बहिर्वक्र भिंगांची. तिच्यात पुढचं भिंग नळीच्या आत एका ठराविक जागी प्रतिमा तयार करतं. नेमक्या त्याच जागी काही ठेवलं तर ती वस्तू आणि दूरचा तारा एकत्र स्पष्ट दिसतात. हे गॅस्कॉइनच्या लक्षात आलं आणि त्याने त्यावरून कोन मोजायचं उपकरण केलं. १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला. म्हणजे ज्या माणसाने ही रेषा शोधली तो लढाईत मेला खरा, पण ती रेषा बंदुकीवर यायला अजून दोनशे वर्षं होती. ही दोनशे वर्षं ती कुणाकडे होती? खगोलवाल्यांकडे, आणि आमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे म्हणजे मोजणीवाल्यांकडे.

कोळ्याचाच धागा का, याचा छोटा हिशेब करून बघू. समजा दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचं नाभीय अंतर २० सेंटीमीटर आहे. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. तो नाभीत ताणून बसवला तर एक किलोमीटरवरच्या चित्रावर त्याची जाडी ३५ सेंटीमीटर झाकते. एवढ्यात अख्खी घागर लपेल. कोळ्याचा धागा काही हजारांश मिलिमीटरचा असतो. ०.००५ धरला तर तो किलोमीटरवर अडीच सेंटीमीटर झाकतो. इंग्रजीत या फुलीला आजही 'केसांची फुली' म्हणतात, पण चांगल्या उपकरणांत बरीच वर्षं कोळ्याचंच राज्य होतं. मोजणीच्या जुन्या पुस्तकांत नवा धागा बसवायची कृती असते : दुबेळक्या काडीवर कोळ्याचा धागा गुंडाळायचा, तो कडीवर ताणायचा आणि वॉर्निश किंवा लाखेच्या थेंबाने चिकटवायचा. ही लाख म्हणजे आपल्याकडे पळसावर मिळते तीच. या धाग्याला एक खोड होती. हवेत दमटपणा आला की तो सैल पडायचा. विदर्भातल्या आषाढात काय होत असेल ते सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धातसुद्धा अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या नॅन साँगर या बाई कोळी पाळून उपकरणांसाठी धागे काढून देत होत्या.

आता आपल्या भागाकडे येऊ. बल्लारशाहहून नागपूरला रेल्वेने जाताना वरोऱ्यानंतर हिंगणघाट लागतं. तिथे २० जानेवारी १८२३ रोजी विल्यम लॅम्बटन वारला. मद्रासजवळ १८०२ मध्ये आधाररेषा मोजून ज्याने पुढे 'ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे' म्हणून ओळखली गेलेली मोजणी सुरू केली, तो हाच. हैदराबादकडून नागपूरकडे जाताना वाटेतच त्याचा शेवट झाला आणि काम जॉर्ज एव्हरेस्टकडे गेलं. लॅम्बटनचं मोठं थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचं होतं. एवढं अवजड धूड टेकड्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवायचं ते कशासाठी, तर त्याच्या दुर्बिणीतली ती बारीक फुली कित्येक कोसांवरच्या खुणेवर नेमकी ठेवून कोन वाचता यावा म्हणून. मोजणीवाला गोळी झाडत नव्हता एवढंच, बाकी 'नेम' तोच.

पण या मोजणीत फुली अंतर सांगत नाही, फक्त दिशा सांगते. अंतर त्रिकोणाच्या गणितातून निघतं आणि त्यासाठी एक बाजू जमिनीवर साखळीने प्रत्यक्ष मोजलेली असावी लागते. फुलीवरूनच अंतर काढायची युक्ती वेगळी आहे. ती जेम्स वॉटने, वाफेच्या इंजिनवाल्या त्याच वॉटने, १७७०-७१ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये कालव्यांची पाहणी करताना वापरली. मुख्य आडव्या रेषेच्या वर आणि खाली आणखी एकेक रेषा बसवायची. दूर एक खुणांची काठी उभी करायची. दोन रेषांमध्ये काठीचा किती भाग येतो ते वाचायचं. काठी जितकी दूर तितका जास्त भाग.

ज्यांच्या घरात कुणी ओव्हरसियर किंवा पाटबंधारे खात्यात आहे त्यांनी हे पाहिलेलं असेल. डंपी लेव्हलमध्ये वर-खाली दोन तोकड्या रेषा असतात, त्यांना स्टेडिया म्हणतात. दोन्हींचं वाचन वजा करा, शंभरने गुणा, झालं अंतर. दोन रेषांमध्ये स्टाफचे ०.६० मीटर दिसले तर तुम्ही ६० मीटरवर आहात. कालव्याच्या कामावरच्या कुठल्याही पोराला हे पाठ असतं. रायफलच्या रेटिकलवर हजारो रुपये जास्त घेऊन जे विकलं जातं ते नेमकं हेच आहे. फक्त कालव्यावर काठी आपलीच असते आणि तिच्यावर खुणा छापलेल्या असतात. रायफलवाल्याकडे काठी नसते, त्यामुळे समोरच्या जिवालाच काठी धरावं लागतं आणि त्याची उंची आपल्याला माहीत आहे असं मानावं लागतं. माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण या 'मानावं लागतं' वर आहे.

बंदुकीवर दुर्बीण बसवायचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत आणि युरोपात बऱ्याच जणांनी केले. आपल्या दृष्टीने लक्षात ठेवावं असं नाव डेव्हिड डेव्हिडसन. हा स्कॉटिश अधिकारी मुंबई इलाख्याच्या फौजेत होता आणि हिंदुस्थानातल्या मुक्कामातच त्याला शिकारीच्या रायफलीवर दुर्बीण बसवायचा नाद लागला. त्याच्या धाटणीची दुर्बीण पुढे व्हिटवर्थ रायफलीच्या डाव्या अंगाला बसवली गेली आणि अमेरिकन यादवी युद्धात (१८६१-६५) दक्षिणेच्या नेमबाजांनी ती वापरली. रायफलच्या दुर्बिणीच्या इतिहासात हिंदुस्थानचा उल्लेख बहुतेक वेळा एका ओळीत उरकतात. माझ्या मते ती ओळ वाढवायला हवी, पण ते पुढे कधीतरी.

इथून पुढे रेटिकलचे दोन वंश होतात असं मी समजते. ही विभागणी माझी आहे, पुस्तकातली नाही.

पहिला वंश जाड रेषांचा. जर्मन आणि ऑस्ट्रियन शिकारी पहाटे आणि संध्याकाळी, झाडीच्या कडेला, रानडुकराची वाट पाहत बसायचे. अशा उजेडात कोळ्याचा धागा दिसतच नाही. म्हणून त्यांनी खालून वर येणारी जाड, टोकदार खुंटी आणि दोन्ही बाजूंना आडव्या पट्ट्या असं रेटिकल केलं. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश नंबर ४ (टी) रायफलीवरच्या दुर्बिणीतही अशीच टोकदार खुंटी आणि एक आडवी तार होती. ही रेटिकलं काही मोजत नाहीत. काळोखात 'इथे बघ' एवढंच सांगतात. १९६२ मध्ये ल्युपोल्ड कंपनीने 'ड्युप्लेक्स' आणलं : बाहेरून जाड आणि मध्यभागी बारीक. जाड भाग डोळ्याला मध्याकडे ढकलतो आणि बारीक भाग नेम देतो. आज शिकारीच्या दुर्बिणींत जगभर दिसणारं साधं रेटिकल याच घराण्यातलं.

दुसरा वंश स्टेडियाचा, म्हणजे थेट ओव्हरसियरचा. १९६३ मध्ये सोव्हिएत सैन्याने ड्रॅगुनोव्ह रायफल घेतली. आपल्या सैन्यातही ती आहे. तिच्या पीएसओ-१ दुर्बिणीत खाली डाव्या बाजूला एक आडवी रेषा आणि तिच्यावर उतरती वक्र रेषा असते, वक्र रेषेवर २, ४, ६, ८, १० असे आकडे. समोरच्या माणसाचे पाय आडव्या रेषेवर आणि डोकं वक्र रेषेला टेकेल असं करायचं. डोकं जिथे टेकेल तो आकडा म्हणजे शेकड्यांत मीटर. गुणाकार नाही, काही नाही. पण त्या वक्र रेषेत एक माणूस आधीच कोरलेला आहे आणि त्याची उंची १.७ मीटर आहे. समोरचा दीड मीटरचा असेल, किंवा उकिडवा बसला असेल, तर रेषा खोटं बोलते आणि ती खोटं बोलतेय हे कळायला काही मार्ग नसतो.

अमेरिकन मरीन दलाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस वेगळी वाट धरली. त्यांनी उंची कोरली नाही, फक्त कोन कोरला. फुलीच्या रेषांवर एकेक मिलिरेडियनच्या अंतराने टिंबं बसवली. एक मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग : १०० मीटरवर १० सेंटीमीटर, १००० मीटरवर १ मीटर. सूत्र सोपं आहे. वस्तूची उंची मीटरमध्ये घ्या, १००० ने गुणा, ती जितके मिल झाकते त्याने भागा. १ मीटर उंचीची वस्तू ४ मिल दिसली तर अंतर २५० मीटर. यात वस्तूची उंची वापरणाऱ्याने सांगायची असते. म्हणजे चूक रेषेतून काढून माणसाच्या डोक्यात ठेवली. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं.

आजची 'ख्रिसमस ट्री' म्हणतात ती रेटिकलं, खाली खाली रुंद होत जाणाऱ्या टिंबांची झाडं, याच वंशाची. ती पूर्वी का नव्हती? कारण तार किंवा धागा कडेपासून कडेपर्यंतच ताणता येतो, टिंब हवेत तरंगत ठेवता येत नाही. काचेच्या चकतीवर नक्षी कोरायचं तंत्र आल्यावरच असं झाड शक्य झालं. कोळी इथे निवृत्त झाला.

या टिंबांचं दुसरं काम म्हणजे गोळीचा उतार. नळीतून बाहेर पडल्यापासून गोळी खाली पडायला लागते, दगडासारखीच. अर्ध्या सेकंदात सव्वा मीटर. .३०८ सारख्या रायफलीची गोळी ४०० मीटरवर जायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ घेते. म्हणून लांबच्या नेमासाठी एकतर दुर्बिणीवरचा नॉब फिरवून फुली सरकवायची किंवा खालच्या टिंबाने नेम धरायचा. दोन्हींसाठी अंतर ठाऊक हवं. ते चुकलं तर काय होतं? समजा तुम्ही वस्तू १ मीटर उंच धरली आणि ती १.२५ मिल दिसली. सूत्र सांगतं ८०० मीटर. प्रत्यक्षात ती ८० सेंटीमीटरच असेल तर खरं अंतर ६४० मीटर. ८०० च्या टिंबाने झाडलेली गोळी ६४० वरच्या लक्ष्याच्या मीटरभराहून जास्त वरून जाईल. उंचीत एका वितीची चूक, आणि गोळी त्या वस्तूच्या उंचीहूनही जास्त वर. उलट तीच चूक २०० मीटरवर केली तर फरक इंचांत राहतो.

त्यामुळे पोरांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. ठरलेल्या अंतराच्या रेंजवर नेम धरायचा असेल तर झाड-बिड लागत नाही, बारीक फुली किंवा छोटं टिंब पुरे. अंतर अनोळखी असेल तर मिलच्या खुणा हव्यात, नॉबही मिलचाच हवा (रेटिकल मिलचं आणि नॉब मिनिटांचा, अशी खिचडी घेऊ नका), आणि रेटिकल पहिल्या प्रतिमेच्या जागी बसवलेलं हवं. दुर्बिणीच्या आत प्रतिमा दोनदा तयार होते, उलटी आणि मग सुलटी. पहिल्या जागी बसवलेलं रेटिकल झूम केल्यावर चित्राबरोबर मोठं होतं, त्यामुळे एक मिल कायम एक मिलच राहतो. दुसऱ्या जागी बसवलेलं तेवढंच राहतं आणि त्याचं माप एकाच ठराविक झूमवर खरं असतं. याची दुसरी बाजूही आहे. पहिल्या जागचं रेटिकल कमी झूमवर इतकं बारीक होतं की सावलीत सापडत नाही. म्हणजे पुन्हा तेच, जाड आणि बारीक यांचं भांडण. आणि एक सांगते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिचला जगज्जेत्या झाल्या, किंवा स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं, ते ५० मीटरवर आणि दुर्बिणीशिवाय. तिथे दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं आणि नेम धरायला डोळ्याजवळ एक बारीक छिद्र आणि पुढे एक कडी, एवढंच. अंतर ठरलेलं असलं की किती कमी सामानात भागतं याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आता मोठ्या माणसांचा प्रश्न. त्यासाठी राजुऱ्याची जागा समजून घ्यायला हवी. वर्धा नदीच्या पलीकडे बल्लारपूर, चांदा, म्हणजे १८५० च्या दशकापासून इंग्रजी अंमल आणि पुढे मध्य प्रांत. अलीकडे राजुरा, १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. नंतरही १९५६ पर्यंत आपण आदिलाबाद जिल्ह्यात होतो आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आलो. पलीकडे वनखात्याचे शिकारीचे ब्लॉक, त्यांची परमिटं, त्यांचे नियम. अलीकडे निजामाचे. वाघ मात्र पाणी ओसरलं की दोन्हीकडे. ताडोब्यात शिकार १९३५ मध्ये बंद झाली, १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी यायला १९७० उजाडलं. १९७२ चा वन्यजीव कायदा त्यानंतरचा.

या सगळ्या काळात आपल्या जंगलात वाघावर जे नेम धरले गेले ते किती अंतरावरून? सागवान आणि बांबूचं रान डोळ्यांपुढे आणा. पावसाळ्यात तीस-चाळीस मीटरच्या पुढे काही दिसत नाही. हाक्याची शिकार असो की मचाणावरची, वाघ जवळ येईपर्यंत थांबणं हीच पद्धत होती. इंग्रजी एक्सप्रेस रायफलींच्या नळीच्या टोकाला मूळच्या बारीक माशीमागे एक मोठी पांढरी मिनाकाम केलेली माशी घडी करून ठेवलेली असायची. अंधार पडला की ती उभी करायची. तिला 'चंद्रमाशी' म्हणायला हरकत नाही, इंग्रजी नावाचा अर्थ तोच आहे. म्हणजे इथल्या शिकारीला अंतर मोजणारी रेषा कधी लागलीच नाही, दिसणारी लागली. कुमाऊँच्या कॉर्बेटची .२७५ रिग्बीसुद्धा दुर्बिणीविनाच होती. ६० मीटरवर कुठल्याही रेटिकलची गोळी तिथेच लागते. प्रश्न असतो मध्ये बांबूचं पान आहे का याचा, आणि समोर आहे तो कोण याचा.

हा 'कोण' आता कायद्यातही आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ प्रमाणे माणसाच्या जिवाला धोका ठरलेला प्राणी मारायची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, पण त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही याची खात्री झाल्यावरच. आदेश एका ठराविक वाघाबद्दल असतो. तो ओळखायचा पट्ट्यांवरून, ट्रॅप कॅमेऱ्यातल्या फोटोंशी ताडून. ८०० मीटरवरून, कितीही भारी झाड कोरलेलं रेटिकल असलं तरी, दोन्ही कुशींवरचे पट्टे ताडून बघता येत नाहीत. आणि मिलचं सूत्र लावायला वाघाची उंची लागते. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी मीटरभर भरतो, मादी त्याहून बुटकी, वर्षाचा बच्चा आणखी बुटका. यातला कोण समोर आहे हे आधीच माहीत असेल तरच अंतर निघणार.

यवतमाळची टी-१, म्हणजे अवनी, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ गोळीने मारली गेली. तिच्या नावावर तेरा माणसांचे मृत्यू लावले गेले होते आणि तिचे दोन बछडे मागे होते. बेशुद्धीचा डार्ट तिला कसा आणि कधी लागला यावर पुढे बराच काळ वाद चालला, न्यायालयापर्यंत गेला. त्या वादात मी इथे शिरत नाही. एवढंच नोंदवते की तो लांबच्या नेमाचा वाद नव्हता. रात्र, जवळचं अंतर आणि डार्ट की गोळी, यांचा होता.

राजुऱ्याच्या आरटी-१ ची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे. २०१९ आणि २०२० या दोन वर्षांत राजुरा आणि विरूर भागात किमान आठ माणसं गेली. शेतावर जायचं की नाही, सरपण आणायचं की नाही, गुरं कुठे चारायची, हे दोन हंगाम त्या वाघाने ठरवलं. "दुरूनच उडवा ना" हे लोक रागाने म्हणत होते, आणि तो राग मला पोरकट वाटत नाही. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला रेटिकलचं गणित सांगण्यात अर्थ नाही. पण २७ ऑक्टोबर २०२० रोजी तो वाघ बेशुद्ध करून पकडला आणि नागपूरच्या गोरेवाड्याला नेला, आणि एक इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला त्या डार्टमध्ये रस आहे.

कारण डार्टचा नेम हाच आपल्या जंगलातला खरा लांबचा नेम आहे. डार्ट म्हणजे औषधाने भरलेली सुई, शेपटाला रंगीत गोंडा. ती गोळीच्या वेगाने गेली तर हाड फोडेल, म्हणून मुद्दाम हळू सोडतात. सेकंदाला ७० मीटर धरा. ४० मीटरवर पोचायला तिला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. हाच वेळ वर कुठे आला होता? .३०८ ची गोळी ४०० मीटरवर जायला. पडायचा वेळ तोच, म्हणून पडणंही तेवढंच, दीड मीटरच्या आसपास. म्हणजे डार्ट मारणारा पशुवैद्यक ४० मीटरवर जे करतो ते ४०० मीटरच्या रायफल नेमाइतकं अवघड आहे. आणि त्याला छाती किंवा पोट चालत नाही, मांडी किंवा खांद्याचा मांसल भागच लागतो. अंतर दहा मीटरने चुकलं तर डार्ट मातीत जातो, किंवा वाघाला नको तितक्या जोराने बसतो.

हा प्रश्न त्यांनी कसा सोडवला ते बघण्यासारखं आहे. डार्ट गनवर टिंबांचं झाड नसतं. कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या गनवर एक दाबमापक असतो. अंतर लेझरने किंवा आधीच पावलांनी मोजलेलं असतं, आणि कोणत्या अंतराला किती मापाच्या डार्टसाठी किती दाब, याचा तक्ता असतो. आधी अंतर मोजायचं, मग दाब लावायचा, मग साध्या लाल टिंबाने किंवा कमी ताकदीच्या दुर्बिणीने नेम धरायचा. दुपारी रिकाम्या पोत्यावर सराव करून तो तक्ता त्या दिवशीच्या त्या गनशी जुळवून घेतात. वाटेवर मचाण किंवा पिंजरा लावून बसायचं असेल तर कुठलं झाड किती मीटरवर आहे हे उजेडात मोजून ठेवतात, कारण वाघ आल्यावर लेझर काढायला सवड मिळतेच असं नाही. मोजलेली जागा, तक्ता आणि साधं टिंब. लॅम्बटनही कोन वाचण्याआधी जमिनीवर साखळीच टाकत होता.

पुढच्या पोस्टमध्ये वर्धेच्या दोन काठांवरच्या शिकारीच्या परमिटांबद्दल लिहीन. कुणाच्या घरी जुनी निजामकाळची परवानापत्रं असतील, उर्दूतली असली तरी चालतील, तर खाली कळवा. मोबाइलवर काढलेला फोटोसुद्धा पुरतो.